रुग्णशय्येवरील बालक आणि त्याचे कुटुंब

घरातील वृद्ध माणूस आजारी पडते तेव्हा त्या आजाराची चाहूल घराला बहुधा अगोदरच लागलेली असते. औषधाच्या बाटल्या कोनाड्यात आलेल्या असतात, कोणी सोबतीला जायचे हेही मनात ठरलेले असते. लहान मुलाचे तसे नसते. काल तिन्हीसांजेपर्यंत अंगणात हुंदडणारे मूल आज पहाटे रुग्णवाहिकेत असते आणि मागे राहिलेल्या घरात चूल पेटवायचेही कोणाला सुचत नाही. आजार एका जिवाला झालेला असला तरी रुग्णालयातील मुक्काम साऱ्या कुटुंबाला घडतो. मुलावरील उपचार डॉक्टर करतात. परंतु ते उपचार पुरते लागू पडावेत यासाठी कुटुंबाला जी कामे करावी लागतात, त्यांची माहिती फार थोड्या घरांना असते. पेडणे आणि डिचोली या तालुक्यांतील कुटुंबांना ध्यानात ठेवून त्या कामांचा येथे परामर्श घेतला आहे.

या दोन तालुक्यांची भौगोलिक स्थिती प्रथम लक्षात घ्यावयास हवी. पेडण्याच्या उत्तरेस तेरेखोल नदी व दक्षिणेस शापोरा नदी. शापोरा ओलांडल्याशिवाय पेडणेकराला म्हापसा गाठता येत नाही आणि पुढे मांडवी ओलांडल्याशिवाय बांबोळी गाठता येत नाही. डिचोलीकरालाही मांडवी चुकत नाही. गोव्यात पाश्चात्त्य वैद्यकाचे शिक्षण देणारी शाळा पणजीत १८४२ मध्ये स्थापन झाली, आशिया खंडातील अशा जुन्या संस्थांत तिची गणना होते, आणि मुक्तीनंतर १९६३ मध्ये तिचेच गोवा वैद्यकीय महाविद्यालय झाले. ते पुढे बांबोळीच्या पठारावर आले. मात्र उत्तरेकडील खेड्यांतील रुग्णाला तेथे पोहोचणे दीर्घकाळ नदी आणि होडी यांच्या मर्जीवर अवलंबून होते. ५ जुलै १९८६ रोजी मांडवीवरील नेहरू पूल कोसळला, तेव्हा ऐन पावसाळ्यात उत्तर गोव्यातील लोकांना पुन्हा फेरीबोटीचा आधार घ्यावा लागला, हे पन्नाशी ओलांडलेल्या अनेकांना आठवत असेल. आज पूल आहेत, रुंद रस्ते आहेत, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा गोव्यात २००८ पासून चालू आहे. अंतर तेवढेच राहिले असले तरी वेळ पुष्कळ वाचतो. वाचलेला हा वेळ घरातच घालवला जाऊ नये, एवढीच अपेक्षा.

ताप उतरला तेव्हा

एक उदाहरण घेऊ. ते कोणा एका घराचे नव्हे. पावसाळ्यात कोणत्याही वाड्यावर घडू शकेल असे आहे. पेडणे तालुक्यातील एका घरात सहा वर्षांच्या मुलाला ताप येतो. बाप मालवाहू टेंपो चालवतो, आई हंगामात काजूच्या बागायतीत आणि एरवी शेतावर कामाला जाते, घरी आजी आहे आणि सातवीत शिकणारी मोठी बहीण आहे. तीन दिवस ताप चढता राहतो. चौथ्या दिवशी ताप उतरतो आणि आजी समाधानाने सांगते, की पोर आता सुटले. मूल मात्र खेळायला उठत नाही. त्याला पोटात दुखते, दोनदा उलटी होते, हातपाय थंड लागतात. ताप नसल्यामुळे या लक्षणांकडे कोणाचे लक्ष जात नाही. संध्याकाळी ते गुंगीत असल्यासारखे पडून राहते तेव्हा धावपळ सुरू होते. पेडण्याच्या सामाजिक आरोग्य केंद्रातून म्हापशाच्या जिल्हा रुग्णालयात आणि तेथून त्याच रात्री बांबोळीस.

डेंग्यू या रोगाची ही फसवी चाल आहे. दिवसा चावणाऱ्या एडिस डासामुळे होणाऱ्या या तापात खरा धोका अनेकदा ताप उतरण्याच्या सुमारास, म्हणजे साधारणतः तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान उद्भवतो. त्या एकदोन दिवसांत बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींतून रक्तातील पाण्याचा अंश बाहेर पाझरू लागतो, रक्त घट्ट होते आणि रक्तदाब घसरतो. पोटात सतत दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्यांतून वा नाकातून रक्त येणे, अस्वस्थता किंवा असाधारण सुस्ती, लघवी कमी होणे, हातपाय गार पडणे, यांपैकी काहीही दिसले की घरी थांबू नये. तापासाठी पॅरासिटामॉलखेरीज अन्य गोळी, विशेषतः ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन, स्वतःच्या मनाने देऊ नये. त्यामुळे रक्तस्रावाची भीती वाढते.

इतर आजारांतही काही लक्षणे अशी आहेत, की ती दिसल्यावर थांबणे धोक्याचे ठरते. मूल काहीच पीत नसेल, घेतलेले सर्व उलटून टाकत असेल, त्याला आकडी आली असेल किंवा ते हाक मारल्यावर डोळे उघडत नसेल, तर वेळ दवडू नये. श्वास मोजण्याची युक्ती प्रत्येक आईला यावी. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट त्याच्या पोटाकडे पाहावे. दोन महिन्यांहून लहान अर्भकाचे श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षाच्या मुलाचे ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा अधिक असतील तर ते न्यूमोनियाचे चिन्ह असू शकते. बरगड्यांखालचा भाग श्वासागणिक आत ओढला जात असेल तर आजार अधिक गंभीर समजावा. सापाच्या दंशाबाबतही एक गोष्ट येथेच सांगणे इष्ट होईल. मूल लहान म्हणून विषावरील लस कमी लागत नाही, सापाने सोडलेले विष तेवढेच असते. त्यामुळे मांत्रिकाच्या अंगणात गेलेला अर्धा तास मुलाला मोठ्या माणसापेक्षाही महाग पडतो.

रुग्णवाहिका येईपर्यंत कोणी तरी एकाने तीन गोष्टी गोळा कराव्यात: आतापर्यंत दिलेली औषधे त्यांच्या वेष्टनांसह, लसीकरणाचे कार्ड, आणि ओळखीची व योजनेची कागदपत्रे. ताप कोणत्या दिवशी व किती वाजता आला हे कागदावर लिहून घ्यावे. मध्यरात्री बांबोळीला विचारल्यावर आई एक दिवस सांगते आणि बाप दुसरा, हा अनुभव डॉक्टरांना नित्याचा आहे. डेंग्यूमध्ये तर दिवसाची गणतीच उपचाराची दिशा ठरवते.

यंत्रांच्या सहवासात

अतिदक्षता विभागाचे दार उघडते तेव्हा खेड्यातून आलेल्या आईबापांना पहिला धक्का बसतो तो यंत्रांचा. मुलाच्या छातीवर चिकटवलेल्या तारा, बोटाला लावलेला चिमटा, हाताच्या शिरेत खोचलेली बारीक नळी, आणि डोक्याशी सतत टिकटिकणारा पडदा. त्या पडद्यावर नाडीचे ठोके, श्वास, रक्तातील प्राणवायूचे प्रमाण आणि रक्तदाब दिसतात. मूल हलले, चिमटा निसटला तरी यंत्र ओरडते. प्रत्येक ओरडण्याने काळजाचा ठोका चुकवून घेण्याचे कारण नसते. परिचारिका त्या आवाजांत फरक ओळखतात. चिमटा घसरलेला दिसल्यास त्यांना सांगावे, स्वतः बटणांना हात लावू नये.

प्राणवायूची नळी लावली म्हणजे रुग्ण शेवटच्या घटका मोजतो आहे, ही समजूत आपल्याकडे अजून खोल रुजलेली आहे. म्हातारी माणसे ती नळी पाहून हंबरडा फोडतात आणि शुद्धीवर असलेले मूल ते ऐकते. प्राणवायू हा उपचार आहे. न्यूमोनियातील कितीतरी मुले दोनतीन दिवस प्राणवायूवर राहून चालत घरी जातात. कृत्रिम श्वसनयंत्राची गोष्ट अधिक गंभीर खरी. पण तेथेही यंत्र थकलेल्या शरीराचा भार काही काळ वाहते, असाच त्याचा अर्थ घ्यावा आणि पुढचे डॉक्टरांना विचारावे.

डेंग्यूच्या मुलाला सलाईन मोजूनमापून दिले जाते, हेही अनेकांना खटकते. शेजारच्या खाटेवर बाटल्यांमागून बाटल्या चढताना दिसतात आणि आपल्या मुलाला थेंबाथेंबाने का, असा संशय येतो. त्याचे कारण साधे आहे. बाहेर पाझरलेले पाणी एकदोन दिवसांनी पुन्हा रक्तात परत येऊ लागते. तोवर भरमसाट सलाईन गेलेले असेल तर ते फुफ्फुसांत साठून श्वास कोंडतो. त्याचसाठी लघवी मोजली जाते. मूल किती प्यायले आणि किती लघवी झाली, याची नोंद आईने वेळेसह ठेवली तर ती उपचाराला मोठीच मदत असते. आपण येथे नुसते बसून आहोत, ही आईची घुसमटही त्या वहीने कमी होते. प्लेटलेट या रक्तकणिकांच्या आकड्याचा मात्र आपल्याकडे अवास्तव धसका घेतला जातो. आकडा ऐकला की नातेवाईक रक्तदाते शोधत सुटतात. आकडा उतरला तरी रक्तस्राव नसेल तर बहुतेक मुलांना बाहेरून प्लेटलेट देण्याची गरज पडत नाही, आणि रोग ओसरू लागला की त्या आपोआप वाढतात.

संमतीपत्रावर सही करण्याचा प्रसंग बापाला सर्वांत जड जातो. आपण मुलाच्या मरणाची जबाबदारी स्वतःवर घेत आहोत असे त्याला वाटते. वस्तुतः कोणता उपचार करायचा आहे, त्यात लाभ काय, धोका काय आणि दुसरा मार्ग आहे का, हे समजून घेऊन दिलेली ती परवानगी असते. समजले नसेल तर पुन्हा विचारण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत माहिती मिळण्याचा व संमतीचा हक्क स्पष्टपणे नमूद आहे. डॉक्टरांकडे वेळ थोडा असतो. म्हणून दिवसभरात मनात आलेले प्रश्न लिहून ठेवावेत आणि घरातील एकाच व्यक्तीने ते विचारावेत. काकाने सकाळी विचारायचे, मामाने दुपारी आणि शेजाऱ्याने संध्याकाळी, यातून एकाच उत्तराच्या तीन आवृत्त्या गावात पोहोचतात आणि घरी बसलेली आजी सर्वांत वाईट आवृत्तीवर विश्वास ठेवते.

उशाशी बसलेली आई

मुलाच्या खाटेशी आई असणे आपल्याला इतके स्वाभाविक वाटते, की जगात इतरत्र त्यासाठी झगडावे लागले हे सांगितल्यास आश्चर्य वाटेल. इंग्लंडमधील रुग्णालयांत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आईबापांना मुलाला भेटण्यास आठवड्यातून ठरावीक थोडाच वेळ मिळत असे. आई भेटून गेली की मूल रडते, सबब भेटच नको, असा युक्तिवाद होता. लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमधील जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ मध्ये दोन वर्षांच्या एका मुलीच्या रुग्णालयातील मुक्कामाचा चित्रपट तयार केला. ती मुलगी फारशी रडत नाही. हळूहळू गप्प होत जाते. गप्प झालेले मूल रमलेले नसते, ते खचलेले असते, हे रॉबर्टसन यांचे म्हणणे सुरुवातीला पुष्कळ डॉक्टरांना रुचले नाही. अखेर सर हॅरी प्लॅट यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९५९ मध्ये अहवाल दिला आणि आईबापांना भेटीची मोकळीक असावी, लहान मुलांच्या आईला शक्यतो सोबत राहू द्यावे, अशी शिफारस केली. आपल्या रुग्णालयांत खाटेच्या पायथ्याशी चटई टाकून झोपलेली आई त्या अहवालाच्या कितीतरी आधीपासून ते काम करीत होती.

परंतु तिच्याकडे लक्ष कोणी द्यायचे? रुग्णालयाच्या दृष्टीने ती सोबतीण आहे. घराच्या दृष्टीने ती आई आहे, म्हणजे तिने सहन करायचेच. चारचार दिवस नीट न झोपलेली, डब्यातील उरलेसुरले खाणारी, क्वचित अंगावर पाजणारे दुसरे मूल घरी ठेवून आलेली ही बाई पाचव्या दिवशी चक्कर येऊन पडते, आणि मग घरातले म्हणतात की हिने बोलायला हवे होते. तिने बोलण्याची वाट पाहू नये. दिवसातून काही तास बापाने, आत्याने किंवा मावशीने खाटेशी बसावे आणि आईने आंघोळ करून, जेवून झोपावे, ही पाळी पहिल्याच दिवशी ठरवावी. वडिलांना मुलाचे करता येत नाही, ही सबब फार काळ टिकत नाही. दोन दिवसांत येते. अतिदक्षता विभागात एका वेळी एकालाच आत सोडतात, तेव्हा आत कोण जाणार यावरून सासर व माहेर यांच्यात मानापमान निघतात. मूल ज्याच्याजवळ शांत राहते त्याने आत जावे. मानाचा प्रश्न तेथे गौण आहे.

मुलाशी खरे बोलावे. सुई टोचताना दुखणार नाही, असे सांगून सुई टोचली, की पुढच्या प्रत्येक शब्दावरचा त्याचा विश्वास उडतो. थोडेसे दुखेल, मी हात धरते, मोठ्याने रडलास तरी चालेल, असे सांगावे. उद्या घरी जाऊ, हे वाक्य तर रोज सांगितले जाते आणि रोज खोटे पडते. मोठ्या मुलांना आजाराचे नाव व उपचाराचे स्वरूप त्यांना कळेल अशा शब्दांत सांगितलेले बरे. त्यांनी स्वतः रचलेली कल्पना खऱ्यापेक्षा भयंकर असते. घरी खोडी केल्यावर डॉक्टरांकडे नेऊन सुई टोचवण्याची जी धमकी दिली जाते, तिची किंमत अशा वेळी मोजावी लागते.

मागे राहिलेले घर

आपल्या उदाहरणातील सातवीतली बहीण या काळात घरी असते. तिला कोणी काही सांगितलेले नाही. रात्री उठून भावाला नेले, आई परतली नाही, बाबा सकाळी येऊन कपडे घेऊन जातात. शेजारणी दारात उभ्या राहून हळू आवाजात बोलतात आणि ती आली की गप्प होतात. परवा आपण त्याच्याशी भांडलो, त्याला ढकलले, म्हणून तर हे झाले नसेल ना, ही शंका तिच्या मनात घर करते. धाकट्या भावंडांत असा अपराधभाव वारंवार आढळतो आणि तो विचारल्याशिवाय बाहेर येत नाही. दूरध्वनी आज खिशाखिशात आहे. दिवसातून एकदा आईने तिच्याशी दोन मिनिटे बोलावे. भावाला काय झाले आहे, ते कोणामुळेही झालेले नाही आणि आई परत येणार आहे, एवढे तिला आईच्या तोंडून ऐकावयास मिळाले पाहिजे. शेजाऱ्यांची मदतही अशीच नेमकी असावी. काही लागले तर सांगा, असे शंभर जण म्हणतात. म्हशीची धार मी काढतो, असे एखादाच म्हणतो, आणि घर त्या एखाद्यावर चालते.

आजी ग्रामदेवतेला गाऱ्हाणे घालते. ते तिने घालू नये असे कोणी म्हणणार नाही. संकटात देवळाच्या पायरीवर जाण्याने म्हाताऱ्या जिवाला धीर येतो, आणि तो धीर घराला हवाच असतो. अंगारा मुलाच्या कपाळी लावण्यापूर्वी परिचारिकेला विचारावे. नळी खोचलेल्या जागेजवळ किंवा तोंडात काही घालू नये. कौल झाला म्हणून उपचार अर्धवट टाकून मुलाला उचलून नेणे, हे मात्र कोणत्याही देवाच्या नावावर खपवता येणार नाही.

भेटीला येणाऱ्यांविषयीही लिहिले पाहिजे. आपल्याकडे भेटायला न जाणे हा दोष मानतात. टेंपो भरून माणसे बांबोळीला येतात, पासावरून पहारेकऱ्याशी हुज्जत घालतात, आणि त्यांना चहा पाजण्याचे काम चार रात्री जागलेल्या बापावर येते. सर्दीखोकला झालेला पाहुणा तर अशक्त मुलांच्या विभागात रोग घेऊनच शिरतो.

खर्च, कागद आणि कचेरी

सरकारी रुग्णालयात उपचार विनामूल्य असले म्हणून मुक्काम विनामूल्य होत नाही. बापाचा टेंपो उभा असतो आणि त्याचा हप्ता चालू असतो. आईची मजुरी बुडते. बसभाडे, बाहेरचे जेवण, दूध, साबण यांत हातातील पैसा विरघळतो. डिचोली तालुक्यातील ज्या कुटुंबांनी खाणींवरील ट्रकांच्या उत्पन्नावर कर्जे काढली होती, त्यांनी २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणकाम थांबल्यावर हाती रोकड नसणे म्हणजे काय हे अनुभवले आहे. अशा घरावर मुलाचे आजारपण आले, की पहिल्याच आठवड्यात दागिना गहाण पडतो. तो टाळण्यासारखा असतो का, हे ठरवण्यासाठी योजनांची माहिती आजारापूर्वी असावी लागते.

गोवा शासनाची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना २०१६ मध्ये सुरू झाली. गोव्यात किमान पाच वर्षे वास्तव्य असलेल्या कुटुंबांसाठी ती आखण्यात आली, आणि तीनपर्यंत सदस्य असलेल्या कुटुंबाला वर्षाला २.५ लाख रुपये व त्याहून मोठ्या कुटुंबाला ४ लाख रुपये इतके संरक्षण ठरविण्यात आले. कार्डाचे नूतनीकरण वेळेवर न झाल्यामुळे ऐन वेळी अडचण येते. कार्डावर नव्याने जन्मलेल्या मुलाचे नाव घालायचे राहून जाते, हा प्रकार तर फारच आढळतो. गोव्यातील सरकारी रुग्णालयांत उपलब्ध नसलेल्या काही विशेष उपचारांसाठी राज्याची मेडिक्लेम योजना आहे. २०११ मध्ये देशभर सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली आजारी नवजात अर्भकाला सरकारी संस्थेत विनामूल्य उपचार, औषधे, तपासण्या व वाहतूक मिळते. तीस दिवसांची ही मर्यादा पुढे एक वर्षापर्यंत वाढविण्यात आली. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची अंगणवाडीत व शाळेत तपासणी होते, आणि हृदयाच्या जन्मजात दोषासारखा विकार त्या तपासणीत सापडला तर अवचित धावपळीची पाळीच येत नाही. तपासणीच्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये, ते एवढ्यासाठी.

येथे मामलेदार कचेरी, पंचायत व तलाठी यांच्या वाट्यालाही काही येते. रुग्णालयात मूल असलेला बाप वास्तव्याच्या किंवा उत्पन्नाच्या दाखल्यासाठी खिडकीशी उभा असतो, तेव्हा त्याला उद्या या असे सांगणे नियमात बसत असेलही. पण त्याचा उद्या म्हणजे बांबोळीहून पेडणे आणि परत, आणि तेवढा वेळ खाटेशी कोणी नाही, हा हिशेब टेबलापलीकडून दिसत नाही. पंचसदस्याने किंवा एखाद्या शिक्षकाने अर्ज भरून, आवश्यक प्रती जोडून तो त्याच्या वतीने पुढे सरकवला, तर त्या कुटुंबाचा एक अख्खा दिवस वाचतो.

काही आजार आठवड्यांत आटोपत नाहीत. रक्ताच्या कर्करोगाचा मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा प्रकार आज योग्य उपचारांनी बहुसंख्य मुलांत बरा होतो, पण उपचार दोन ते तीन वर्षे चालतात. अशा काही कुटुंबांना मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाची वाट धरावी लागते. १९४१ मध्ये सुरू झालेल्या त्या रुग्णालयात उपचार मिळतात. मुंबईत राहायचे कोठे, हा प्रश्न उरतो. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती, आणि कर्करोगग्रस्त मुलांच्या कुटुंबांना विनामूल्य निवारा देणारी, २००६ मध्ये सुरू झालेली सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स ही संस्था, यांचा आधार कित्येक कुटुंबांना झाला आहे. जागा मिळेलच असे नसते, म्हणून निघण्यापूर्वी रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवकाकडे चौकशी करावी. कर्करुग्णाला व त्याच्या एका सोबत्याला रेल्वेभाड्यात सवलत मिळते. त्यासाठीचा दाखलाही रुग्णालयातूनच घ्यावा लागतो. उपचार मध्येच सोडणे ही या आजारातली सर्वांत मोठी हानी. मुलाचे केस परत आले, चेहरा भरला, की घर म्हणते आता पुरे. आणि रोग नेमका त्यानंतर उलटतो.

घरी परतल्यावर

डिस्चार्जचा कागद हा रुग्णालयाने दिलेला सर्वांत मोलाचा कागद होय. त्यात निदान, झालेले उपचार, पुढील औषधे व पुन्हा दाखवण्याची तारीख असते. तो देवघरात ठेवून न देता एकदा वाचून घ्यावा, न समजलेले तेथेच विचारावे. पुढे कधी उपचारांच्या नोंदींची गरज भासली तर मागणी केल्यापासून ७२ तासांत त्या देण्याचे बंधन २००२ च्या वैद्यक परिषदेच्या नियमांनी डॉक्टरांवर घातले आहे.

मूल घरी येते ते पूर्वीचेच मूल असेल, अशी अपेक्षा करू नये. ते रात्री दचकून उठते, आईचा पदर सोडत नाही, सुटलेली सवय परत येऊन अंथरूण ओले करते, बहिणीवर विनाकारण चिडते. लाडाने बिघडले असे म्हणून त्याला मारू नये. बहुतेक मुलांत काही आठवड्यांत हे ओसरते; फार लांबले तर डॉक्टरांना सांगावे. शाळेतही त्याला एकदम पूर्ण दिवस बसवण्यापेक्षा आरंभी अर्धा दिवस बसू द्यावे. त्याची बसण्याची जागा दुसऱ्याला दिलेली नसावी. राहिलेला अभ्यास एकाच वहीत संक्षेपाने उतरवून ठेवण्याचे काम वर्गातील एखाद्या मित्रावर सोपवावे. ते दोघांनाही आवडते. आजाराचे नाव सर्वांसमोर उच्चारायचे की नाही, हे शिक्षकाने आधी पालकांना विचारावे, कारण काही आजारांची नावे गावात मुलाच्या पाठीला आयुष्यभर चिकटतात.

डेंग्यूच्या बाबतीत आणखी एक गोष्ट उरते. या विषाणूचे चार प्रकार आहेत. एका प्रकाराचा ताप येऊन गेला म्हणून उरलेल्या तिन्हींपासून कायमचे संरक्षण मिळत नाही, उलट दुसऱ्या वेळचा डेंग्यू अधिक तीव्र होण्याचा संभव असतो. म्हणून आरोग्य कर्मचारी घराभोवती पाहणीस येतात तेव्हा मांगराच्या मागचे टायर, नारळाच्या करवंट्या, रबराच्या झाडांना बांधलेल्या वाट्या आणि न्हाणीघरातील उघडे पिंप त्यांना दाखवावेत. एडिसची अंडी अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात उबतात, आणि पाणी आठवड्यातून एकदा ओतून भांडे घासल्यास डासांची पैदास खुंटते. पुढच्या पावसाळ्यात त्या मुलाला पुन्हा ताप आला, तर पेडण्याच्या केंद्रात शिरताच पहिल्या वाक्यात सांगावे, की याला मागे डेंग्यू होऊन गेला आहे, आणि डिस्चार्जचा तो कागद डॉक्टरांच्या हाती द्यावा.